दहावा आला तर

हेप्झिबा : अठ्ठावन्न, सॉलकाका. अठ्ठावन्न टक्के. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लावलीय आणि वर लाल अक्षरांत ‘डिफॉल्टर’. त्यात माझ्या ओमेरचं नाव. मी चष्मा पुसून परत वाचलं.

सॉल : आधी बस. धापा टाकतेयस. बँकेतून आलीस थेट?

हेप्झिबा : हाफ डे टाकला. कॉलेजात परवाच जाऊन आले, आज थेट इकडे. आणि चहाबिहा काही नको, उठू नका तुम्ही.

सॉल : चहा तयारच आहे. तुझी आदिनामावशी जाऊन दहा महिने होतील, पण माझ्या हातून आधण दोन कपांचंच पडतं. एक रोज मोरीत जातो. आज तो पिणारं कोणीतरी आलं.

हेप्झिबा : द्या मग. पण ऐकून घ्या माझं, मध्ये बोलू नका. बारावीला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. नाहीतर बोर्डाचं हॉल तिकीट अडवतात. कॉलेज शनिवारी बंद, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस. त्यातले सोमवार आणि गुरुवार हा सकाळी इथे शेजारी, तुमच्या सिनेगॉगमध्ये. पहिलं लेक्चर सात दहाचं, हजेरी तेवढ्यातच घेतात. हा पावणेनऊला वर्गात शिरतो. शिकतो, वह्या पूर्ण असतात, सगळं करतो. पण कागदावर गैरहजर.

सॉल : पाचातले दोन दिवस. मग साठ व्हायला हवेत.

हेप्झिबा : दोन टक्के तापाचे. ऑगस्टात खरा ताप आला होता.

सॉल : बाई काय म्हणाल्या? त्या वर्गाच्या?

हेप्झिबा : मनस्वी मॅडम. चांगल्या आहेत हो. मी पहिलं तेच विचारलं, गैरहजेरीमुळे पुढची ॲडमिशन अडते का. मोबाइलवर वाचून वाचून डोकं उठलं होतं माझं. एक लिहितो कॉलेजं सगळं बघतात, दुसरा लिहितो कोणी ढुंकून बघत नाही. मॅडम म्हणाल्या, ताई, परीक्षेच्या गुणांवर जागा भरतात तिथे तुमचा मुलगा वर्गात बसला होता की गच्चीवर, कोणी विचारत नाही. पण ओमेरने फॉर्म भरलाय अहमदाबादच्या त्या आर्किटेक्चर कॉलेजचा. त्यांचं निराळं. ते वर्गशिक्षकांकडून बंद पाकिटात पत्र मागवतात. त्यात एक रकाना आहे, मुलगा किती दिवस गैरहजर राहिला आणि का. पाकीट सोमवारी जायचंय.

सॉल : ‘आणि का’ हेही विचारतात? बरे लोक दिसतात.

हेप्झिबा : काका, थट्टा नको.

सॉल : थट्टा नाही करत. टपाल खात्यात एकोणचाळीस वर्षं काढली मी. का, असं कोणी कधी विचारलं नाही. बरं, पुढे?

हेप्झिबा : पुढे काय, मॅडमनीच वाट दाखवली. टायफॉईड लिहून आणा म्हणाल्या, म्हणजे हॉल तिकीटही सुटेल आणि रकानाही भरेल. कल्पेश म्हणून एक मुलगा होता, त्याने म्हणे एका वर्षात दोनदा कावीळ आणली, दोन वेगळ्या डॉक्टरांची. आज इंजिनिअरिंगला आहे. आणि त्या हसल्या नाहीत हं हे सांगताना. त्यांच्या वडिलांचं उरणकडे मिठागर होतं. म्हणाल्या, आमच्या शाळेत मिठाच्या दिवसांत अर्धा वर्ग आगरात असायचा, आणि गुरुजी सगळ्यांच्या नावापुढे पोटदुखी लिहायचे. तेव्हापासून पोटदुखी या शब्दावर माझा फार जीव आहे, म्हणाल्या.

सॉल : मग आणायचा टायफॉईड.

हेप्झिबा : आणला की. ही बघा चिठ्ठी, कालच घेऊन ठेवलीय. पण ओमेर हात लावत नाही तिला. ‘मी आजारी नव्हतो, आई. मी हजर होतो.’ एवढंच म्हणतो आणि जेवायला बसतो. मी ओरडले, त्याच्या बाबांनी दुबईहून फोनवर समजावलं, तरी तेच. हजर होतो.

सॉल : हं.

हेप्झिबा : म्हणून आले. आता सरळ बोलते, राग मानू नका. गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, कद्दिश, मावशीसाठी म्हणायची तर दहा पुरुष लागतात, मला कळतं. तुम्हाला मूल नाही, म्हणून मुलाने म्हणायचं ते तुम्ही म्हणता, अकरा महिने, जानेवारीअखेरपर्यंत. तेही कळतं. पण आता त्याला बोलावू नका. परीक्षा होईपर्यंत सोडा त्याला. दुसरा कोणीतरी दहावा बघा.

सॉल : मी बोलावत नाही त्याला.

हेप्झिबा : म्हणजे?

सॉल : ऑक्टोबरपासून बोलावलेलं नाही. सुक्कोथचा सण झाला आणि एरियल बायकोला घेऊन गेला ना इस्राएलला, अशदोदला? पनवेलातलं त्याचं दुकान गेलं, घर गेलं, आणि आमच्यातली त्याची जागाही गेली. तेव्हापासून ओमेरला धरूनही आम्ही पुरत नाही.

हेप्झिबा : म्हणजे नऊ.

सॉल : तू म्हण. मी नाही म्हणत.

हेप्झिबा : हो, तुमचं ते. माणसं मोजायची नाहीत.

सॉल : माझं नाही, बापजाद्यांचं. मोजलं की दृष्ट लागते म्हणायचे. म्हणून ती दहा शब्दांची ओळ. एकेका माणसाकडे बघायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली, प्रार्थना सुरू. ओमेर नेहमी दाराजवळ बसतो, म्हणून शेवटचा शब्द त्याचा असायचा. आता त्याच्याकडे बघेपर्यंत ओळ संपतच नाही. शेवटचा शब्द तोंडातच राहतो माझ्या.

हेप्झिबा : थांबा. दहा नसले की कद्दिश होत नाही.

सॉल : नाही होत. शनिवारी नोकरीवाले येतात, तेव्हा कधी होतं, कधी राहतं. सोमवार-गुरुवार आम्ही म्हातारेच.

हेप्झिबा : मग दोन महिने माझा मुलगा सकाळी सातला तिथे येऊन करतो काय?

सॉल : खिडक्या उघडतो. दिव्यांत तेल घालतो, माझा हात आता वर पोचत नाही. मग आम्ही बसतो.

हेप्झिबा : बसता.

सॉल : वाट बघतो. सव्वाआठपर्यंत. मग ज्याने त्याने आपापलं पुटपुटायचं आणि घरी.

हेप्झिबा : अहो काका! त्याचं वर्ष पणाला लागलंय. हॉल तिकीट अडकलंय. आणि तुम्ही वाट बघता? कोणाची? इथून माणसं जातात, येतात का कधी?

सॉल : ओरड. तुझा हक्क आहे.

हेप्झिबा : मला वाटत होतं… मी आईला, बहिणीला सगळ्यांना सांगत होते, ओमेरमुळे मावशीचं कद्दिश चाललंय. अभिमानाने सांगत होते. आणि एक गोष्ट खटकत होती मला, सांगू? त्याच्या त्या चित्रांच्या वहीत आपलं सिनेगॉगच आहे. छताचे वासे, वरच्या बायकांच्या गॅलरीचा कठडा, दिव्यांच्या साखळ्या. पानंच्या पानं. तीच चित्रं त्याने अहमदाबादला पाठवलीत. मी विचार करायचे, हा ही काढतो कधी? शनिवारी तर शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, पेन्सिल धरत नाही. आणि बाकीच्या दिवशी प्रार्थना चालू असताना कोण चित्र काढेल?

सॉल : तू आईच. तुझ्या नजरेतून काय सुटणार.

हेप्झिबा : सुटलंच ना. दोन महिने सुटलं. तुम्ही तरी त्याला सांगायचं, येऊ नकोस म्हणून.

सॉल : सांगितलं. एरियल गेला त्या आठवड्यात सांगितलं. नंतर दिवाळीच्या सुट्टीनंतर परत सांगितलं.

हेप्झिबा : आणि त्यानंतर?

सॉल : त्यानंतर नाही सांगितलं.

हेप्झिबा : का?

सॉल : चहा निवतोय तुझा.

हेप्झिबा : का नाही सांगितलं, काका?

सॉल : कारण तो असला की एकच माणूस कमी. एकाची वाट बघता येते, बाय. कोणी पाहुणा येईल, कोणाचा जावई येईल. तो नसला की दोन कमी. दोघांची वाट बघणं म्हणजे नुसतं बसणं. मला ठाऊक होतं त्याचं कॉलेज बुडतंय. सायकल लावताना तो घड्याळ बघतो ते दिसत होतं मला. मी तोंड फिरवून चष्मा पुसायचो. हे तुला आज सांगतोय, आधी कोणाला सांगितलं नाही.

हेप्झिबा : दिसत होतं, आणि तरीही!

सॉल : तरीही. पण एक ऐक, मग हवं ते बोल. नोव्हेंबरात एका गुरुवारी आम्ही उठायला आलो होतो. तेवढ्यात दारात एक माणूस. ठाण्याचा. आजोबांची कबर शोधायला पनवेलला आला होता, म्हणाला दार उघडं दिसलं. मी त्याला आत घेतलं, बसवलं आणि ओळ म्हणायला लागलो. म्हणत गेलो, म्हणत गेलो, आणि पोचली की शेवटापर्यंत. आदिनाचं नाव घेऊन उभा राहिलो मी त्या दिवशी. तुझा मुलगा नसता तर तो ठाण्याचा माणूस आला तसा गेला असता.

हेप्झिबा : नोव्हेंबरात कुठला गुरुवार?

सॉल : कॅलेंडरवर खूण आहे बघ. तेरा.

हेप्झिबा : तेरा नोव्हेंबरला त्याची फिजिक्सची युनिट टेस्ट होती. शून्य आहे तिथे. मी विचारलं तर म्हणाला, उशीर झाला. मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

सॉल : मला नाही बोलला टेस्टचं.

हेप्झिबा : मला नाही बोलला कद्दिशचं.

सॉल : गुळाचा खडा देऊ? चहा गोड नाही झालेला.

हेप्झिबा : काका, मावशी काय म्हणाली असती हो?

सॉल : तुला ठाऊक आहे ती काय म्हणाली असती. तुझ्या वेळी काय केलं होतं तिने?

हेप्झिबा : बाबांनी बारावीनंतर शिलाईच्या क्लासला घालायचं ठरवलं होतं मला. मावशी सकाळी डबा घेऊन दारात उभी, म्हणाली चल, फॉर्म मिळतायत. तीन तास रांगेत होती माझ्याबरोबर. फोटो चिकटवायला डिंक नव्हता कुठे. तर हिने डबा उघडला आणि भाताच्या शितांनी चिकटवला. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, बाई, मुंग्या लागतील. ही म्हणाली, लागू देत, तोवर मुलगी पास होईल.

सॉल : घरी येऊन मलाही सांगितलं होतं. चार वेळा.

हेप्झिबा : मी तिच्या शेजारी बसायचे वर गॅलरीत. ती पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून द्यायची, मी हरवले की. ती गेल्यापासून एकदाही वर गेले नाही मी. शनिवारी खाली ओमेरला सोडते आणि वळते. तो बाक रिकामा बघवत नाही.

सॉल : मी रोज खालून बघतो त्याच्याकडे. सवयीने. ती वरून खूण करायची, टोपी तिरकी झालीय म्हणून.

हेप्झिबा : आत्ताही तिरकीच आहे.

सॉल : असू दे. बरं, मला सांग, टायफॉईड सोडून त्या बाईंनी दुसरा काही मार्ग सांगितला?

हेप्झिबा : सांगितला. खरं कारण धर्माचं असेल तर प्रार्थनास्थळाच्या विश्वस्तांचं पत्र चालेल, प्राचार्य मानतील. रकान्यातही तेच लिहीन म्हणाल्या. पण त्यात एक हमी हवी. यापुढे हे होणार नाही, अशी.

सॉल : विश्वस्त मी आहे. शिक्काही माझ्याकडे. तो ड्रॉवर ओढ, लेटरहेड आहेत. वरचं नको, पिवळं पडलंय. खालचं काढ.

हेप्झिबा : काका, विचार करा. जानेवारी संपायला सहा आठवडे आहेत.

सॉल : पेन दे. ‘माननीय प्राचार्य यांस, सविनय निवेदन.’ टपालातली सवय, सविनय सुटत नाही. ‘आपले विद्यार्थी श्री. ओमेर हे चालू वर्षी दर सोमवारी व गुरुवारी सकाळी सात ते सव्वाआठ या वेळेत आमच्या सिनेगॉगमध्ये हजर होते.’ हजर, बरोबर ना?

हेप्झिबा : बरोबर.

सॉल : ‘माझी दिवंगत पत्नी आदिना हिच्यासाठीच्या प्रार्थनेस किमान माणसे लागतात. ती पुरी व्हावीत म्हणून ते येत असत. ती अनेकदा पुरी झाली नाहीत. तरीही ते येत असत. यात त्यांचा दोष नाही, दोष माझा आहे.’

हेप्झिबा : शेवटचं वाक्य काढा.

सॉल : राहू दे. खात्यात असताना कधी लिहायला मिळालं नाही. आता ती हमी. ‘यापुढे’… हे तू सांग. मी लिहितो.

हेप्झिबा : मी कसं सांगू?

सॉल : तूच मागायला आलीस ना? सांग. मजकूर सांगणारं कोणी असलं की हात चालतो.

हेप्झिबा : ‘यापुढे ते… कॉलेजच्या वेळेत… येणार नाहीत.’

सॉल : ‘येणार नाहीत.’ झालं. शिक्का जरा अंधूक उठलाय, पण वाचता येतो. घडी तूच घाल, माझी वाकडी होते. आणि त्या टायफॉईडचं काय करणार?

हेप्झिबा : फाडते.

सॉल : ठेव. फेब्रुवारीत खरा आला तर पैसे वाचतील.

(बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज. ओमेर आत येतो. पाठीवर सॅक, हातात तेलाची बाटली.)

ओमेर : सॉलआजोबा, दिव्यांचं तेल आणलंय, सोमवारसाठी… आई? तू इथे कशी?

हेप्झिबा : चहा प्यायला.

ओमेर : गुरुवारी दुपारी? बँक सोडून?

सॉल : बस. तुला एक सांगायचंय. सोमवारपासून सकाळी येऊ नकोस. शनिवारी ये, दुपारी ये, रात्री जेवायला ये. सोमवार-गुरुवार सकाळी कॉलेजला जायचं.

ओमेर : हे तुम्ही दोनदा सांगून झालंय.

सॉल : या वेळी लिहून दिलंय. सही-शिक्क्यासकट. तुझ्या आईच्या पर्समध्ये आहे.

ओमेर : आई, तू यांना येऊन हे सांगितलंस?

हेप्झिबा : आधी पत्र वाच. टायफॉईड नाहीये त्यात. तू हजर होतास असं लिहिलंय. घे.

ओमेर : ‘ती अनेकदा पुरी झाली नाहीत. तरीही ते येत असत.’ … आजोबा, हे पूर्ण खरं नाही. मी चित्रंही काढत असे.

सॉल : ते त्यांना अहमदाबादला कळेल.

ओमेर : आणि दहावा आला तर?

सॉल : कोण येतोय आता.

ओमेर : तो ठाण्याचा आला होता. त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होतात, कोण येतोय आता. आणि टोपी काढून खिशात ठेवत होतात. परत कोणी आला आणि मी नसलो तर? तुम्ही त्याला काय सांगणार, उद्या या?

सॉल : ती बाटली आधी खाली ठेव.

ओमेर : मी फिजिक्सचा पेपर परत देऊ शकतो, आजोबा. जानेवारीत री-टेस्ट आहे. हे परत होत नाही.

हेप्झिबा : दहावा आला तर मी तुला न्यायला येईन.

ओमेर : तू?

हेप्झिबा : स्कूटरवरून. कॉलेज इथून किती, दहा मिनिटं. येताना दहा. तेवढा वेळ त्या पाहुण्याला चहा देऊन बसवता येईल, दोन कपांचं आधण असतंच इथे. मनस्वी मॅडमशी मी आधी बोलून ठेवते. त्या एका दिवसाची गैरहजेरी लागली तर लागू दे.

ओमेर : पण तुला कळणार कसं? आजोबांना फोन लावायला पाच मिनिटं लागतात. आणि तू खांदा कॉलनीत घरी, माझा डबा करत असणार.

हेप्झिबा : डबा सहाला होतो. बँक दहाला. मधले चार तास मी घरात तुझ्या हजेरीचे टक्के काढत बसते, त्यापेक्षा इथे येऊन बसेन.

सॉल : इथे म्हणजे कुठे, बाय?

हेप्झिबा : सिनेगॉगमध्ये, वर गॅलरीत. मावशीच्या बाकावर. तिथून दारापर्यंत रस्ता दिसतो ना? कोणी गल्लीत वळला की दिसेल मला.

ओमेर : दिसतो. मी काढलाय तिथून.

सॉल : बाकावर दहा महिन्यांची धूळ आहे.

हेप्झिबा : पुसेन. माझ्यामुळे तुमची ओळ पुरी होत नाही, ठाऊक आहे मला. मला त्यात धरत नाहीत.

सॉल : आम्ही मोजत कोणालाच नाही. सातला दार उघडतो.